गोकर्णाची चाल

राजारामपुरीतल्या बाराव्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत नीलम्मांनी गोकर्णाचा वेल तिसऱ्यांदा काठीला गुंडाळला, सुतळीनं तीन ठिकाणी बांधला आणि आता सुटलास तर बघ, असा त्याला दम भरला. दुसऱ्या दिवशी शनिवार. लिंगपूजा आटोपून कपाळावरच्या ओल्या विभूतीसकट त्या बाल्कनीत आल्या, तर वेलाचा शेंडा काठी सोडून हवेत लोंबत होता. सुतळी जागच्या जागी होती. वेल तेवढा तिच्यातून निसटला होता.

त्यांनी कुंडीच पिशवीत घातली आणि सुनेला हाक मारली. आज त्या नर्सरीवाल्या आकारामला इचारतोच, म्हणाल्या.

शनिवार-रविवार हे या घरात सासू-सुनेचे दिवस. मुलगा आदर्श हा फाउंड्रीत कामाला, त्याची सुट्टी सोमवारी. सून सौंदर्या विमा कंपनीच्या ऑफिसात, तिला शनिवार-रविवार मोकळे. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या शनिवारी दोघी समोरासमोर बसून राहिल्या, काय बोलावं ते दोघींनाही सुचेना. शेवटी नीलम्मा म्हणाल्या, चल, एखादा मोगरा आणू. तेव्हापासून शनिवारी नर्सरी आणि रविवारी जुना सिनेमा असा नेमच पडून गेला. सौंदर्या निपाणीकडची, सासूला माहेरच्या वळणानं 'अत्ती' म्हणायची आणि त्याच तोंडानं तिची चेष्टाही करायची. नीलम्मांना ते मनातून आवडायचं, वरून त्या डोळे वटारायच्या.

झाडांचं कुणालाही कळण्यासारखं होतं. सिनेमाचं तसं नव्हतं. शेजारपाजारच्यांना वाटायचं, या बाईला उतारवयात पिक्चरचा नाद लागलाय. खरं तर पडद्यावरच्या नायक-नायिकेचं लग्न होतंय की मोडतंय याच्याशी नीलम्मांना काही घेणंदेणं नव्हतं. त्या सिनेमातली झाडं बघायच्या, देवळं बघायच्या आणि त्यांच्या आडोशाला उभी असलेली, कुणीच नाव न विचारलेली माणसं बघायच्या. त्यांना त्यांची आई शोधायची होती.

नीलम्मांचं माहेर शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेच्या अगदी काठावरचं. त्या सहा वर्षांच्या असताना गावातल्या महादेवाच्या देवळात शूटिंग झालं होतं. आरतीच्या सीनला गर्दी पाहिजे म्हणून सिनेमावाल्यांनी गावातल्याच बायका बोलावल्या. त्यांत नीलम्मांची आई गंगव्वाही होती. त्यांच्या घरातल्या बायका रिवाजानं पदर उजव्या खांद्यावर घेत. बाकीच्या सगळ्या बायकांचे पदर डाव्या खांद्यावर. टोपी घातलेला एक माणूस आला आणि गंगव्वाला म्हणाला, बाई, तुम्ही एकट्याच वेगळ्या दिसताय, पदर त्या खांद्यावर घ्या. गंगव्वा म्हणाली, घेणार नाही. त्यानं समजावलं, मग आवाज चढवला. शेवटी तो म्हणाला, मग जा, त्या बेलामागं उभ्या राहा. ती गेली आणि उभी राहिली. ही सगळी हकिगत नीलम्मांना चिमणाबाई मावशीनं सांगितलेली, आणि ती सांगताना मावशी दर वेळी त्या टोपीवाल्याची नक्कल करायची.

दोन वर्षांनी गंगव्वा तापानं गेली. मागं तिचा एकच फोटो राहिला, जत्रेत काढलेला. तो भावाच्या घरात, सोप्याच्या भिंतीवर होता. दोन हजार एकोणीसच्या पुरात ते घर आठ दिवस पाण्याखाली होतं. पाणी उतरल्यावर नीलम्मा गेल्या, तेव्हा धाकटा भाऊ सोमशेखर दारातल्या चिखलात बसला होता. "मी म्हसरं सोडवाय गेलतो आक्का," एवढंच तो म्हणाला. "फोटो भिंतीवरच ऱ्हायला." आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्याला आई अशी कधी आठवतच नव्हती. जो होता तो फोटोच होता. आणि नीलम्मांचंही काही वेगळं नव्हतं. डोळे मिटले की आईचे हात दिसायचे, पदराचा काठ दिसायचा, पण चेहऱ्याच्या जागी तो फोटोच यायचा, आणि आता वर्षागणिक तोही पुसट होत चालला होता.

त्या दिवशी परत आल्यावर नीलम्मांनी गळ्यातलं लिंग हातावर घेऊन सांगितलं, की अव्वाचा चेहरा मी बघणार आणि सोमूला दाखवणार. नवस वगैरे बोलल्या नाहीत. कामाला लागते, एवढंच देवाच्या कानावर घातलं.

काम सोपं नव्हतं. सिनेमाचं नाव गावात कुणालाच धड माहीत नव्हतं. चौघांना विचारलं तर पाच नावं निघाली. खुणा दोनच होत्या. देवळासमोर दगडी नंदी, आणि देवळाकडं तोंड केलं की नंदीच्या उजव्या हाताला दोन फांट्यांचा बेल. तो बेलही पुराच्या साचलेल्या पाण्यानं कुजून गेला होता. सौंदर्या घरात आल्यावर तिनं टीव्हीला इंटरनेट जोडलं, आणि एका रविवारी एक असे जुने काळे-पांढरे सिनेमे सुरू झाले. नीलम्मांनी एक दोनशे पानी वही घातली. सिनेमाचा नंबर, त्यातलं देऊळ, त्यातलं झाड, आणि शेवटी एक शब्द. चौसष्ट सिनेमे झाले होते आणि चौसष्ट वेळा तो शब्द 'न्हाय' होता. आदर्श एकदा म्हणाला होता, आई, असं किती वर्षं बघणार तू? त्यावर नीलम्मांनी, वही संपली की दुसरी आणीन, असं उत्तर दिलं होतं.

तर त्या शनिवारी कुंडी घेऊन दोघी स्कूटीवरनं आकारामच्या नर्सरीत गेल्या. आकाराम पन्नाशीचा माणूस, पायात गमबूट, डोक्याला टॉवेल, रोपांशी आणि गिऱ्हाइकांशी एकाच आवाजात बोलणारा. नीलम्मांनी कुंडी त्याच्यासमोर ठेवली आणि तक्रार मांडली. वेल खोडीचा दिलास, तीन डाव बांधला आणि तीन डाव सुटला.

आकारामनं काठी बघितली, सुतळी बघितली आणि हसायला लागला.

"मावशी, वेलाची खोडी न्हाय. तुमी उलटा गुंडाळलाय त्येला."

"उलटा कसा? प्रदक्षिणेच्या वाटेनं गुंडाळलाय. महादेवाचं फूल हाय ते. ते उलटं जाईल व्हय?"

आकारामनं सुतळी सोडली, शेंडा दोन बोटांत धरला आणि काठीभोवती दुसऱ्या बाजूनं फिरवला. समोरून बघितलं तर डावीकडून उजवीकडं वर चढत जाणारा. "ही गोकर्णाची चाल हाय. कुंडीत लावा, कुंपनाला लावा, त्यो असाच चढनार. तुमी उलटा बांधला की तुमचं काम मोडून आपलं करतोय. आनि महादेवाचं म्हनाल, तर महादेवाची प्रदक्षिना तरी आपन कुठं पुरी घालतोय? पन्हळीपातुर जायाचं नि माघारी फिरायचं. ह्यो माघारची वाट धरतोय असं समजा की."

सौंदर्या तोंडावर ओढणी धरून हसली. नीलम्मा हसल्या नाहीत आणि लगेच मानल्याही नाहीत. एकाच्या सांगण्यावरून हे मान्य करायचं म्हणजे काय. त्या शेडमध्ये गेल्या. तिथं गोकर्णाची सात रोपं होती, चार निळी आणि तीन पांढरी. एकेक त्यांनी वाकून बघितलं, बोटानं खालपासून वरपर्यंत वाट काढत. जास्वंद निवडत उभ्या असलेल्या एका परक्या माणसाला, "पावणं, जरा सरका, मागचा बघू दे," म्हणून बाजूला केलं. सातही एकाच चालीचे. मग त्यांना वाटलं, ही सगळी आकारामनंच बांधलेली असतील. पंपाच्या खोलीमागं कुंपणाच्या खांबावर एक जुनाट गोकर्ण होता, कुणी न लावता आपोआप उगवलेला, शेंगा वाळून तडकलेला. नीलम्मा गवतातून तिथंवर गेल्या. तोही तसाच, डावीकडून उजवीकडं.

तेव्हा कुठं त्या परत आल्या आणि बरोबर हाय तुझं, असं आकारामला चारचौघांत सांगितलं. मग एक अनंत घेतला, आणि पिशवीतलं एक बेलाचं रोपही घेतलं. ते बाल्कनीसाठी नव्हतं. सोमशेखर पुढच्या आठवड्यात काही कामानं कोल्हापूरला येणार होता, त्याच्याबरोबर गावाला पाठवायचं होतं. जुन्या बेलाची जागा अजून रिकामीच होती. वाटेत स्कूटीवर मागं बसून ते रोप मांडीत धरून नीलम्मा सौंदर्याला सांगत होत्या, की सोमूला नीट बजावायला पाहिजे, नंदीच्या उजव्या हातालाच लावायचं म्हणून, नाहीतर तो कुठंही खड्डा काढंल.

रविवारी जेवणं झाल्यावर नीलम्मा गवारीच्या शेंगा मोडायला घेऊन टीव्हीसमोर बसल्या. आदर्श कामावर गेला होता. सौंदर्या रिमोट घेऊन शोधाशोध करत होती. आता राहिलेत कुठं अत्ती, सगळे बघून झाले की, असं ती म्हणत होती. शेवटी एक अनोळखी नावाचा सिनेमा सापडला. सुरुवातीची नावं कापलेली, कोपऱ्यात, ज्यानं इंटरनेटवर टाकला त्याच्याच नावाचा शिक्का. पाटलाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं, अशी काहीतरी गोष्ट होती.

दहा मिनिटांत नीलम्मांच्या लक्षात आलं. ही पाटलीण, हा तिचा नाकात बोलणारा भाऊ, सगळं बघितलेलं आहे. कुणीतरी जुन्या सिनेमाला नवीन नाव चिकटवून टाकला होता. त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं, अडतिसावा नंबर काढला. बंद कर, म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि हातातली शेंग तशीच राहिली.

पडद्यावर नायिका अंगणातल्या मांडवाच्या मेढीला टेकून रडत होती. मेढीवर गोकर्णाचा वेल होता.

"थांबीव," नीलम्मा म्हणाल्या. "जरा मागं घे."

सौंदर्यानं मागं घेतलं. नीलम्मा गवारीची परात बाजूला ठेवून टीव्हीपाशी गेल्या, चष्मा वर-खाली केला आणि काचेवर बोट टेकवून वेलाची वाट काढली. उजवीकडून डावीकडं. पुन्हा खालपासून काढली. उजवीकडूनच डावीकडं.

"ह्यो वेल उलटा चढलाय."

"सिनेमावाल्यांनी गुंडाळला असंल, तुमच्यासारखा," सौंदर्या म्हणाली.

"गुंडाळल्याला न्हाय. शेंगा वाळल्यात बघ त्येच्यावर. वर्साचा वेल हाय, आपनहून चढल्याला." त्या मागं वळल्या. "माणूस चुकंल गं. वेल कसा चुकंल?"

नीलम्मांनी वही सौंदर्याच्या हातात दिली आणि अडतिसावा नंबर मोठ्यानं वाचायला सांगितला. सहा महिन्यांपूर्वीचं त्यांचंच अक्षर होतं. 'नंदी हाय. दोन फांट्यांचा बेल हाय पण डाव्या हाताला. समद्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर. लोकं डाव्या हातानं तीर्थ घेत्यात. गुरव बी डाव्या हातानं देतोय. देवाधर्माची लाज न्हाय. बघवंना, बंद केला. न्हाय.'

ते वाचता वाचता सौंदर्याचा आवाज हळू झाला. मग तिनं सासूला विचारलं, सगळेच डाव्या हातानं घेत होते? सगळेच, नीलम्मा म्हणाल्या. त्या वेळी त्यांचा केवढा संताप झाला होता, ते त्यांना आठवलं. तोंडातल्या तोंडात देवाची माफी मागून त्यांनी रिमोटचं बटण दाबलं होतं. आरतीचा सीन त्याच्यापुढं होता. तो त्यांनी बघितलाच नव्हता.

"अत्ती," सौंदर्या म्हणाली, "आख्खं गाव डावखुरं नसतं. चित्र उलटंय. चोरून टाकणारे असं करतात, डाव्याचं उजवं करून टाकतात, म्हणजे मालकाला सापडायला नको."

नीलम्मा खुर्चीत बसल्या. सहा महिने. त्या सहा महिन्यांत सव्वीस सिनेमे, सगळे भलत्याच गावांचे, आणि पाहिजे तो आपल्याच हातानं बंद करून ठेवलेला. त्यांनी डोळे पुसले नाहीत की नशिबाला बोल लावला नाही. उठून विभूतीचं बोट कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, मग सरळ करून दाखव.

टीव्हीवर ते कसं करायचं सौंदर्याला येत नव्हतं. तिनं तोच सिनेमा मोबाईलवर लावला आणि सासूला घेऊन आतल्या खोलीत गेली. तिथं नीलम्मांच्या लग्नातलं लोखंडी कपाट होतं, दारावर उभा आरसा असलेलं. सौंदर्यानं मोबाईल आरशासमोर धरला. आरशात कोपऱ्यातल्या शिक्क्याची अक्षरं उलटी झाली आणि बाकी सगळं जग सुलटं झालं. गुरव उजव्या हातानं तीर्थ द्यायला लागला. मेढीवरचा वेल डावीकडून उजवीकडं चढायला लागला. मग देऊळ आलं. नंदी आला. आणि नंदीच्या उजव्या हाताला, दोन फांटे आभाळात काढून, भरल्या पानांचा बेल उभा होता.

नीलम्मांनी कपाटाची कडी घट्ट धरली.

आरती सुरू झाली. बायकांची रांग दिसली, सगळ्यांचे पदर डाव्या खांद्यावर. नायिका मधोमध. कॅमेरा हळूहळू सरकत गेला आणि बेलाच्या बुंध्याशी आला. बुंध्याच्या आडून एक कोपर बाहेर आलं होतं, आणि उजव्या खांद्यावरून उतरलेल्या पदराचा काठ. तेवढंच. चेहरा झाडामागं.

सीन संपला. सौंदर्यानं मागं घेऊन परत लावला. पुन्हा कोपर, पुन्हा काठ. टोपीवाल्यानं काम चोख केलं होतं. तेवढंच दिसलं तर तेवढ्यावर समाधान मानावं, असं काहीतरी सौंदर्या बोलायला गेली, पण नीलम्मांनी हातानंच थांबवलं.

"पुढं जाऊ दे. मागं घेऊ नगंस. मी एकदा बंद केल्याला हाय, आता शेवटपातुर बघणार."

पुढं नायिका पायरीवर कोसळली, नायक धावला, लोक जमले. सगळ्यांचं लक्ष तिकडं. आणि मागं, अगदी कडेला, बुंध्याआडून एक लहान मुलगी पळत बाहेर आली. आखूड परकर, तेल थापलेल्या दोन वेण्या. ती सरळ कॅमेऱ्याकडंच यायला निघाली. तिच्यामागून एक बाई बाहेर आली. कडेवर पोर, उजव्या खांद्यावर पदर. तिनं मोकळ्या हातानं मुलीचं मनगट धरलं आणि मान वर करून समोर बघितलं. रुंद कपाळ, विभूतीचे तीन पट्टे, जरा पुढं आलेली हनुवटी. त्या टोपीवाल्याकडंच बघत असणार. नजर अशी, की आलेय बाहेर, काय करायचं ते कर. मग मुलीला ओढून ती परत झाडामागं गेली.

मोजून चार सेकंद.

सौंदर्यानं आरशातून सासूकडं बघितलं. आरशात मोबाईल होता आणि मोबाईलच्या वर नीलम्मांचा चेहरा. रुंद कपाळ, विभूती, तीच हनुवटी.

"ती पोरगी कोण?" सौंदर्यानं विचारलं, पण तिला ते आधीच कळलं होतं.

"मी," नीलम्मा म्हणाल्या. "मला धराय बाहेर आल्या अव्वा. मावशीनं हे कधी सांगितलंच न्हाय."

त्यांनी ते चार सेकंद नऊ वेळा बघितले. नवव्या वेळी सौंदर्याचा हात दुखायला लागला, तेव्हा तिनं मोबाईल दुसऱ्या हातात घेतला. मग नीलम्मांनी गावाला फोन लावायला सांगितला. सोमशेखर गोठ्यात होता. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, गोकर्णापासून आरशापर्यंत. मग त्यानं विचारलं, कशी दिसत्या?

नीलम्मांनी खूप विचार केला. साठ वर्षांचा माणूस आई कशी दिसते ते विचारतोय, त्याला हनुवटी आणि कपाळ कसं सांगायचं.

"रागात हाय," त्या म्हणाल्या. "तू कडेवर हाईस, झोपलायस. सगळी आरती झोपूनच काढलीस बघ. पुढच्या आठवड्यात कशाला, उद्याच सकाळच्या गाडीनं ये. आदर्शची बी सुट्टी हाय. आनि येताना मोकळी पिशवी आन, बेल न्यायचाय."

तो येतो म्हणाला. आवाज नीट येत नव्हता, तो रेंजचा दोष आहे असंही म्हणाला.

संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर नीलम्मा बाल्कनीत गेल्या. गोकर्णाचा शेंडा एका दिवसात काठीला आपल्या चालीनं अर्धा वेढा घालून बसला होता. त्यांनी उरलेली सुतळी सोडून टाकली, गुंडाळून खिळ्याला अडकवली. मग आत येऊन कपाटाचा आरसा ओल्या फडक्यानं पुसला आणि त्याच्यासमोर दोन खुर्च्या आणून ठेवल्या, एक सोमूसाठी आणि एक आपल्यासाठी. सौंदर्या म्हणाली, अत्ती, मामा उद्या येणार आहेत. हाय की माहीत, असं म्हणून त्यांनी खुर्च्या तशाच ठेवल्या.

वही उघडून अडतिसाव्या नंबरचं पान काढलं. तिथला 'न्हाय' खोडावा असं त्यांच्या मनात आलं होतं, पण खोडला नाही. आपली चूक आपल्याला दिसत राहिलेली बरी. त्याच्याखाली जागा होती. तिथं त्यांनी किती मिनिटाला काय दिसतं ते सोमूसाठी लिहिलं, कपाटाच्या आरशात बघायचं हे लिहिलं, आणि त्याच्याखाली, जरा मोठ्या अक्षरात:

'अव्वानं पदर बदलला न्हाय.'